जुळणीच्या मोटारीतील चार्जिंगचे दोष : निदानाचा क्रम

सकाळी मोटार चालू होत नाही. बॅटरी उतरलेली आढळते. ती बाहेर चार्ज करून पुन्हा बसवावी, तर चार दिवसांनी तोच प्रकार. अशा वेळी ‘अल्टरनेटर गेला’ हा निर्णय कार्यशाळेत फार लवकर दिला जातो. जुना अल्टरनेटर उतरतो, नवा चढतो, मालकाचे पैसे खर्च होतात आणि आठवड्याने गाडी पुन्हा दाराशी उभी राहते. अल्टरनेटर नादुरुस्त होत नाही असे नव्हे. परंतु विद्युत् प्रवाह निर्माण करणारे यंत्र आणि तो प्रवाह बॅटरीपर्यंत नेऊन परत आणणारा मार्ग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अशा निर्णयात विसरले जाते. मोजल्याशिवाय बदलू नये, हे या पाठाचे सूत्र होय. ते मोजमाप कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन पुढे केले आहे.

विवेचनासाठी किट-कारचे, म्हणजे मालकाने सुटे भाग जुळवून स्वतः उभ्या केलेल्या मोटारीचे, उदाहरण घेतले आहे. कारखान्यातून आलेल्या मोटारीत जे दोष क्वचित व लपून असतात, ते या मोटारीत वारंवार व उघडपणे आढळतात. म्हणून शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती उत्तम पाठशाळा आहे.

जुळणीच्या मोटारीची पार्श्वभूमी

या मोटारींची परंपरा मुख्यत्वे ब्रिटनमधील आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही हलकी दोन आसनी मोटार बाजारात आणली. ती सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळत असे. अशा सुट्या भागांवर त्या काळचा खरेदी-कर लागत नसल्यामुळे, हाताने काम करण्याची आवड असलेल्या बेताच्या उत्पन्नाच्या माणसालाही वेगवान मोटारीचे स्वप्न पाहता आले. एप्रिल १९७३ मध्ये खरेदी-कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनच्या उत्पादनाचे हक्क केटरहॅम कार्स या संस्थेकडे गेले. सवलत गेली तरी छंद टिकला. पुढेही अनेकांनी फोर्ड एस्कॉर्ट किंवा कॉर्टिना यांसारख्या जुन्या मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स व अल्टरनेटर काढून घेऊन नव्या सांगाड्यावर बसविले.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. त्यामुळे हा छंद येथे रुजला नाही. मात्र फायबरग्लासच्या कवचाची मोटार आपल्याला सर्वस्वी अपरिचित नाही. गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी मोटार त्याच प्रकारच्या कवचाची होती. शिवाय एकाने बनविलेल्या सांगाड्यावर दुसऱ्याने बांधणी केलेल्या रुग्णवाहिका, फिरती ग्रंथालये व मालमोटारी आपल्या कार्यशाळांत नित्य येतात. त्यांचे दोष किट-कारच्या दोषांचे सख्खे भाऊच आहेत.

वेगळेपण कशात आहे ?

साध्या पोलादी मोटारीत बॅटरीच्या ऋण टोकाची जाड तार सांगाड्याला जोडलेली असते आणि संपूर्ण धातूचा देह परतीच्या तारेचे काम करतो. किट-कारमध्ये या व्यवस्थेला अनेक ठिकाणी खंड पडतो. कवच फायबरग्लासचे असल्यास त्यातून वीज वाहत नाही. सांगाड्याच्या पोलादी नळ्यांवर आणि अल्टरनेटर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर रंगाचा जाड थर असतो. तोही विद्युत् रोधक असतो. इंजिन रबरी आधारांवर बसलेले असल्यामुळे स्वतंत्र पट्टी जोडल्याशिवाय ते सांगाड्यापासून विद्युत् दृष्ट्या अलगच राहते. वजनाचा समतोल साधण्यासाठी बॅटरी पुष्कळदा मागील बाजूस नेलेली असते, त्यामुळे तारांची लांबी वाढते. फलकावरील जुने दिवे काढून तेथे नव्या पद्धतीचे सूक्ष्म दिवे बसविलेले असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या मोटारीच्या तारजोडणीचा छापील नकाशा कोठेही मिळत नाही. तो केवळ मालकाच्या स्मरणात असतो.

यंत्राचे कार्य

सत्तरीच्या दशकातील ब्रिटिश मोटारींत लुकास कंपनीचे ‘एसीआर’ मालिकेतील अल्टरनेटर सर्रास असत. त्यांपैकी ‘१७ एसीआर’ची क्षमता ३६ अँपिअर होती. याच प्रकाराचा नमुना आपण डोळ्यांसमोर ठेवू.

अल्टरनेटरमध्ये फिरणाऱ्या भागावर (रोटर) तारेचे एक वेटोळे असते. त्याला कार्बन ब्रशांवाटे थोडा प्रवाह दिला की ते चुंबक बनते. हे चुंबक फिरू लागले की भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो आणि डायोडांच्या संचातून जाताना तो एकदिश होतो. बाहेर पडणारा दाब ठराविक मर्यादेत राखण्यासाठी रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमी-अधिक करतो.

येथे प्रश्न उद्भवतो, की इंजिन नुकतेच सुरू झाले असताना रोटरला पहिला प्रवाह कोठून मिळतो ? तो मिळतो फलकावरील चार्जिंगच्या दिव्यातून. चावी फिरविताच बॅटरीचा प्रवाह या दिव्यातून अल्टरनेटरच्या ‘आयएनडी’ खुणेच्या टोकाकडे व तेथून रोटरकडे जातो, दिवा लागतो. अल्टरनेटर कार्य करू लागला की तो स्वतःच्या तीन लहान डायोडांतून रोटरला प्रवाह पुरवितो. तेव्हा दिव्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा केवळ इशारा देणारा नसून यंत्र जागे करणारा घटकही आहे. हे ध्यानात आले नाही तर पुढील अर्धे निदान चुकते.

(अलीकडच्या अनेक मोटारींत अल्टरनेटरचा दाब इंजिनाच्या संगणकाकडून नियंत्रित होतो व तो प्रसंगानुसार बदलत राहतो. पुढील आकडे स्वतःचा रेग्युलेटर असलेल्या अल्टरनेटरांसाठीच लागू आहेत.)

तपासणीपूर्वीची सावधगिरी

अल्टरनेटरच्या मुख्य धन टोकाला चावी बंद असतानाही बॅटरीचा दाब असतो. म्हणून तेथील तार सोडविण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी. पान्याचा स्पर्श एकाच वेळी हे टोक व इंजिन यांना झाला, तर तार लाल होऊन पेटू शकते, आणि फायबरग्लासचे कवच आग धरते. हातातील अंगठी व धातूचे घड्याळ काढून ठेवावे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ हे पाहण्याची जुनी सवय पूर्णपणे सोडावी. डायनॅमोच्या काळात ती खपून जात असे. अल्टरनेटरमध्ये मात्र त्या क्षणी दाब एकाएकी उसळतो आणि डायोड जळतात. याच कारणास्तव शर्यतीसाठी बांधलेल्या मोटारीत बॅटरी तोडणारा साधा दोन टोकांचा स्विच बसवू नये. इग्निशनही त्याच वेळी बंद करणारा आणि अल्टरनेटरचा उरलेला प्रवाह रोधकातून जिरविणारा स्विच बसवावा.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी : बॅटरी. मोटार काही तास उभी राहिल्यानंतर मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन टोकांतील दाब मोजावा. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण आणि १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी. स्टार्टर फिरत असताना हा दाब साधारणपणे १० व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी स्वतःच सदोष असेल तर पुढील सर्व मापे फसवी येतात. म्हणून प्रथम ती भरून घ्यावी.

दुसरी पायरी : पट्टा. पट्टा सैल, तेलकट किंवा झिजून तळाशी बसणारा नसावा. अल्टरनेटरवर भार पडताच किंचाळी ऐकू आली, तर अन्य परीक्षा थांबवून आधी पट्टा ताणावा.

तिसरी पायरी : बॅटरीपाशी चालू दाब. इंजिन मध्यम वेगाने चालवून पुन्हा बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. तो १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावा. नंतर पुढचे दिवे व पंखा चालू करावा. दाब थोडा उतरला तरी १३.५च्या आसपास टिकला पाहिजे. दाब १५ व्होल्टपर्यंत चढत असेल तर रेग्युलेटर सदोष आहे, किंवा दाब पाहणारी स्वतंत्र तार असलेल्या अल्टरनेटरमध्ये ती तार निसटली आहे. बॅटरीतील पाणी लवकर आटणे आणि दिवे वारंवार जळणे ही याच दोषाची लक्षणे होत.

चौथी पायरी : अल्टरनेटरपाशी दाब. दाब कमी आढळल्यास, त्याच वेगाने व त्याच भाराखाली, अल्टरनेटरचे धन टोक व त्याचेच धातूचे कवच यांच्यामध्ये दाब मोजावा. येथेही तो कमी असेल तर दोष यंत्रात किंवा त्याला जागे करणाऱ्या मंडलात आहे. येथे तो पुरेसा असेल तर यंत्र निर्दोष आहे. दोष मार्गात आहे. अल्टरनेटर बदलावा की नाही, याचा निर्णय बहुतांशी या एका मापाने होतो.

पाचवी पायरी : मार्गातील दाबघट. भार कायम ठेवून मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या धन टोकाला व दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावावे. ही घट अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक नसावी. त्याचप्रमाणे अल्टरनेटरचे कवच व बॅटरीचे ऋण टोक यांतील घट पाव व्होल्टपेक्षा अधिक नसावी. मीटरचे टोक तारेच्या पितळी टोपणावर न ठेवता बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवावे. अन्यथा टोपण व खुंटी यांमधील दोष निसटून जातो.

एक सोडविलेले उदाहरण

असे समजू, की एका किट-कारमध्ये १७ एसीआर अल्टरनेटर आहे. स्टार्टर जोमाने फिरतो, चार्जिंगचा दिवा वेळेवर विझतो, तरीही रात्रीच्या प्रवासानंतर बॅटरी उतरते. मालकाने एकदा अल्टरनेटर बदलूनही फरक पडलेला नाही. दिवे लावून, इंजिन मध्यम वेगाने चालवून घेतलेली मापे पुढीलप्रमाणे आहेत :

बॅटरीच्या टोकांवर — १२.९ व्होल्ट
अल्टरनेटरचे धन टोक व कवच — १४.३ व्होल्ट
धन बाजूची घट — ०.२ व्होल्ट
ऋण बाजूची घट — १.२ व्होल्ट

१२.९, ०.२ व १.२ यांची बेरीज १४.३ येते. हिशेब जुळला, म्हणजे मापे विश्वसनीय आहेत. यंत्र आपले काम चोख करीत आहे. परंतु त्याने दिलेल्या दाबापैकी १.२ व्होल्ट परतीच्या वाटेवर खर्ची पडत आहेत. आता ही वाट तुकड्यातुकड्याने मोजू. बॅटरीचे ऋण टोक ते सांगाडा ०.०५, सांगाडा ते इंजिन ०.०५; इंजिन ते अल्टरनेटरचे कवच १.१. दोष सापडला : अल्टरनेटर व इंजिन यांमधील ब्रॅकेट. मालकाने ते हौसेने रंगवून घेतले होते आणि वीज केवळ बोल्टाच्या आट्यांतून कशीबशी जात होती. २० अँपिअर प्रवाह धरल्यास तेथे १.१ गुणिले २०, म्हणजे २२ वॅट उष्णता निर्माण होत होती.

स्टार्टर मात्र जोमाने का फिरत होता ? कारण त्याचा परतीचा प्रवाह या ब्रॅकेटमधून जातच नाही. हीच घट सांगाडा व इंजिन यांच्यामध्ये आढळली असती, तर स्टार्टरही मंदावला असता आणि कदाचित अ‍ॅक्सिलरेटरची धातूची दोरी गरम झाली असती. कारण योग्य वाट न मिळालेला प्रवाह मिळेल त्या धातूतून वाट काढतो. लक्षणांची अशी तुलना मीटर हाती घेण्यापूर्वीच अर्धे निदान करून देते.

उपाय सोपा आहे. ब्रॅकेटच्या स्पर्शाच्या जागा घासून उघड्या कराव्या आणि अल्टरनेटरच्या कवचापासून इंजिनापर्यंत व तेथून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत जाड तार द्यावी. गंज लागू नये म्हणून जोडणी घट्ट केल्यानंतर वरून ग्रीसचा हात द्यावा.

धन बाजूची घट अधिक आढळल्यास तारेची जाडी तपासावी. मागे ठेवलेल्या बॅटरीपर्यंत ४ मीटर लांबीची, २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार नेली, तर तिचा रोध सुमारे ०.०२८ ओहम भरतो. ३० अँपिअर प्रवाहास तीत ०.८४ व्होल्ट वाया जातात. त्याच ठिकाणी १० चौरस मिलिमीटरची तार घातल्यास ही घट ०.२१ व्होल्टवर येते. जुन्या डायनॅमोच्या काळातील ३० अँपिअरचा अ‍ॅमीटर मोठ्या अल्टरनेटरच्या मार्गात तसाच ठेवणे हेही धोक्याचे आहे.

दिव्याची भाषा

१. चावी फिरविली तरी दिवा लागत नाही : ‘आयएनडी’ टोकाची तार काढून क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावी. दिवा लागला तर दिवा व तार ठीक आहेत. दोष ब्रश, रेग्युलेटर किंवा रोटरमध्ये आहे. लागला नाही तर दिवा, फ्यूज व तार पाहावी.

२. इंजिन चालू असूनही दिवा पूर्ण तेजाने लागलेला राहतो : इंजिन बंद करून ती तार काढावी व चावी फिरवावी. दिवा विझला तर पट्टा व अल्टरनेटर तपासावा. लागलेलाच राहिला तर तार वाटेत कोठेतरी सोलवटून धातूला टेकली आहे.

३. दिवा मंद तेवत राहतो : दिव्याच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक आहे. एखादा डायोड निकामी झाला असावा, किंवा इग्निशनच्या मार्गात दाबघट असावी. डायोडचा संशय असल्यास मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून बॅटरीवर मापावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक माप आल्यास संशय बळावतो.

४. दिवा विझत नाही, पण एकदा इंजिन जोरात फिरविले की विझतो व नंतर चार्जिंग नीट चालते : रोटरला पहिला प्रवाह पुरेसा मिळत नाही. किट-कारमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे २.२ वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी बसविलेला एलईडी. जुना दिवा सुमारे ०.१८ अँपिअर प्रवाह जाऊ देई. एलईडी त्याचा जेमतेम दहावा हिस्सा देतो. एलईडीच्या मंडलाला समांतर ६८ ओहमचा, ५ वॅट क्षमतेचा रोधक जोडल्यास अल्टरनेटर पूर्ववत् जागा होतो. येथेही नवा अल्टरनेटर बसवून काही लाभ होत नाही.

यंत्र व मार्ग दोन्ही निर्दोष असताना

असे असूनही बॅटरी उतरत असेल तर जमाखर्च मांडावा. पुढचे दिवे ११०, बाजूचे व मागचे ३०, इग्निशन ५०, विजेचा पंखा १२० आणि इंधनपंप ५० असे ३६० वॅट होतात, १३.५ व्होल्टला हा भार सुमारे २७ अँपिअर भरतो. ३६ अँपिअरचे यंत्र वेगात तो पेलते, परंतु इंजिन मंद फिरत असताना त्याची निर्मिती बरीच कमी असते. गर्दीत तासभर रेंगाळणाऱ्या मोटारीची बॅटरी त्यामुळे हळूहळू रिती होते.

उभ्या मोटारीतील गळतीही मोजावी. चोरी-प्रतिबंधक यंत्रणा केवळ ५० मिलिअँपिअर घेत असली, तरी तीस दिवसांत ३६ अँपिअर-तास खर्च होतात. हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या किट-कारची लहान बॅटरी त्यात संपूनच जाते आणि वसंत ऋतूत दोष मात्र अल्टरनेटरला दिला जातो.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली चूक येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. नव्याने बांधणी व रंगकाम झालेली एक रुग्णवाहिका ‘बॅटरी उतरते’ या तक्रारीवरून कार्यशाळेत आली. मी बॅटरीवर दाब मोजला, तो कमी आढळला आणि अल्टरनेटर बदलून गाडी परत पाठविली. अल्टरनेटरच्या कवचापाशी मीटर लावण्याचे दोन मिनिटांचे कष्ट मी घेतले नाहीत. तिसऱ्या रात्री रुग्ण आत असताना ती गाडी चालू झाली नाही. रुग्णाला दुसऱ्या वाहनातून हलविण्यात आले व तो वेळेवर पोहोचला. यात आमचे भाग्य होते, कौशल्य नव्हते. दुसऱ्या दिवशी ब्रॅकेटखालचा रंग खरवडला आणि तक्रार कायमची संपली. उतरविलेला जुना अल्टरनेटर चाचणीच्या मेजावर बसविला, तेव्हा तो पूर्णपणे निर्दोष निघाला. त्या दिवसापासून मापांची वही भरल्याखेरीज एकही अल्टरनेटर उतरवावयाचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

प्रशिक्षणार्थींनीही अशी वही ठेवावी. बॅटरीवरील दाब, अल्टरनेटरवरील दाब, धन बाजूची घट व ऋण बाजूची घट या चार आकड्यांना दहा मिनिटे लागतात. पहिला आकडा आणि दोन घटी यांची बेरीज दुसऱ्या आकड्याशी जुळली, की दोष कोठे आहे हे मोटारच सांगते. आपण तर्क लढविण्याचे कारण उरत नाही.

स्वाध्याय

१. अल्टरनेटरवर १४.२ व बॅटरीवर १३.१ व्होल्ट दाब आहे. ऋण बाजूची घट ०.१ व्होल्ट आहे. धन बाजूची घट किती ? प्रथम काय तपासाल ?
२. चार्जिंगच्या दिव्याची तार तुटल्यास अल्टरनेटरवर कोणता परिणाम होईल ? सकारण लिहा.
३. स्टार्टर मंद फिरतो व चार्जिंगही कमी होते. अर्थच्या मार्गातील कोणत्या तुकड्यावर संशय घ्याल, आणि का ?
४. आपल्या कार्यशाळेतील एका वाहनाची वरील चार मापे घेऊन त्यांची बेरीज जुळते का, ते पाहा.